लिफ्टच्या बटणांची पाणबुडी
कपाट आवरताना वर जाणारा बाण कोरलेलं एक पितळी बटण सापडलं. बाबांनी घाटकोपर-मुलुंडच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म काढला आणि निवृत्तीनंतर लोखंडी टाकीतून एकट्यापुरती पाणबुडी बनवली. आधी बसवलेली छोटी, अंधुक काच काढून मोठी, स्वच्छ खिडकी बसवली, लिफ्टचीच बटणं लावली आणि वायरिंगही लिफ्टसारखंच केलं. झाकण नीट लागलेलं नसेल तर सगळी वीज बंद. मुलुंडच्या जुन्या खाणीतल्या पाण्यात ते उतरले तेव्हा टाकीला बांधलेला दोर माझ्या हातात होता. आतून पान्याने ठोकलं की मी ओढायचं, असं ठरलं होतं. तळाला टेकताना हादऱ्याने झाकणाचा स्विच सुटला असावा, कारण त्या नव्या खिडकीतला उजेड अचानक गेला. मी कान देऊन थांबले. काहीच ऐकू येईना, तेव्हा तळहात सोलवटेपर्यंत ओढत सुटले. झाकण उघडून रागानेच विचारलं, "बाबा, ठोकलंत का नाही?" "अडकलेल्या माणसाने शांत बसायचं असतं," ते म्हणाले. "जन्मभर लोकांना हेच सांगितलं. आणि वर तू होतीस ना." गेल्या वर्षी हॉस्पिटलमध्येही ते तसेच शांत पडून होते, आणि माझ्या हातात दोर नव्हता.