सेक्रेटरींचा ग्लास

दिंडोशीच्या आमच्या सोसायटीत कुणी पाण्याची तक्रार घेऊन गेलं, की सेक्रेटरी आत जाऊन काचेचा ग्लास भरून आणत, खिडकीच्या उजेडात धरत आणि एक डोळा मिटून विचारत, "दिसतंय का काही?" मग घटाघट पिऊन टाकत. तुम्हीच सांगा, यावर काय बोलणार? जंतू काय हात हलवून नमस्कार करतात?

गृहस्थ मोठे रुबाबदार. गेटला दरवर्षी नवा रंग, नावाच्या पाट्या चकचकीत. गच्चीवरची टाकी खालून दिसत नाही, मग ती कशाला धुवायची, असा त्यांचा हिशेब. झाकण तडकलं तेव्हा त्यांनी फटीवर तुळशीची कुंडी ठेवली.

दुसऱ्या मजल्यावरच्या कांबळेताईंच्या मुलीला टायफॉइड झाला. दहावीचं वर्ष, आणि पोरगी अंथरुणाला खिळलेली. ताईंनी टाकीचं विचारलं, तर साहेब ग्लासभर पाणी प्यायले आणि वर म्हणाले, "ताई, घरातली भांडी नीट घासत जा." ताई थेट महापालिकेत अर्ज देऊन आल्या.

नमुना घ्यायला माणूस आला. सेक्रेटरींनी त्याला पंख्याखाली बसवून चहा दिला आणि बाटली स्वतःच भरायला आत नेली. कमिटीतला म्हणून मीही मागोमाग गेलो. निर्जंतुक बाटलीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड होती, तपासणीसाठीच घातलेली. साहेबांना ती घाण वाटली. त्यांनी बाटली साबणाने खळखळून धुतली आणि ओट्यावरच्या फिल्टरखाली धरली.

"पाहुण्याला आपण चांगलंच देतो ना?" त्यांनी मला डोळा मारला. मी हसलो. तेही इथे लिहून ठेवतो.

अहवाल आला: पिण्यास योग्य. तो लॅमिनेट होऊन नोटीस बोर्डावर चढला. जिन्यात ताई दिसल्या की लोक कुजबुजायचे. पंधरवड्यात ताईंच्या सासूबाईही त्याच तापाने पडल्या, तेव्हा मात्र मी खाली मान घालून ताईंना बाटलीची गोष्ट सांगितली.

सोसायटीच्या ऑफिसातल्या पुढच्या सभेला साहेब आपला ग्लास घरून भरून घेऊन आले. ताईंनी तो उचलला, बेसिनमध्ये ओतला, टाकीच्या नळाखाली पुन्हा भरला आणि त्यांच्या हातात दिला.

"दिसतंय का काही, काका?"

साहेबांनी सवयीने ग्लास उजेडात धरला. एक डोळा मिटला. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं.

"मग प्या ना."

सगळी सभा बघत होती. शेवटी त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला, अगदी हळू, थेंबही न सांडता.

त्या रविवारी टाकी उघडली. तळाशी वीतभर गाळ होता आणि कबुतराची पिसं. साहेब लवकरच मुलाकडे मुलुंडला राहायला गेले. निरोप द्यायला कुणी उतरलं नाही. मीही नाही.

ग्लास ऑफिसातच राहिला. अजूनही कुणी त्यातून पाणी पीत नाही.