दोन चमचे फिश सॉस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी लग्नाआधी दोनदा नापास झाले होते, तेही सांगून टाकलंय. हे मात्र ओठापर्यंत येतं आणि मी कपड्यांच्या घड्या करायला उठते. आत्ताही एकदा उठून आले. आता बसते.

तसं पाहिलं तर गोष्ट चटणीची आहे. हसलात ना? मीही कधीकधी तसंच म्हणून बघते — चटणी तर होती, त्यात काय एवढं! पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगीच नाही.

नव्वदीच्या मध्यावर आम्ही अर्विंगला राहायचो, डॅलसजवळ. नवरा प्रोग्रामर. मला काम करायची परवानगी नव्हती, गाडी येत नव्हती, आणि दिवस तर सकाळी साडेसातलाच रिकामा व्हायचा. जिन्यावर आमच्या समोरच्या दारात लान राहायची. सायगावची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तिचा नवरा ट्रक चालवायचा आणि आठवड्यातले पाच दिवस बाहेर असायचा. तिचं इंग्रजी तुटकं, माझं घाबरट. पहिल्यांदा घरी आली ती थेट हॉलमधल्या बुद्धाच्या मूर्तीपुढे जाऊन उभी राहिली, हात जोडले, आणि वळून माझ्याकडे बघून असं हसली की बस. त्या दिवसापासून ती माझी लानताई झाली.

मग काय, मी तिच्या स्वयंपाकघरात पडीकच असायचे. तांदळाच्या पातळ कागदात कोथिंबीर, पुदिना, शेवया गुंडाळून केलेले रोल. हळद घातलेलं तांदळाचं कुरकुरीत धिरडं — हे तर आमच्याच घरचं, असं मी तिला ठणकावून सांगितलं होतं. आणि त्या सगळ्यासोबत पाण्यासारखी पातळ, आंबटगोड चटणी. त्या चटणीचा जीव फिश सॉसमध्ये, म्हणजे मासळी मिठात मुरवून काढलेल्या तपकिरी पाण्यात. पहिल्या दिवशी मी नाक दाबलं. महिनाभरात माझ्या कपाटात माझी स्वतःची बाटली होती.

अमावास्या-पौर्णिमेला मात्र लानताई मासळीला शिवायची नाही. कांदा-लसूणही नाही. त्या दिवसांचा तवासुद्धा वेगळा. चटणीत मग सोया सॉस, लिंबू आणि अननसाचा रस. ते तिचं व्रत होतं, आईकडून आलेलं.

आता दुसरी बाजू सांगते, म्हणजे माझी.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये सात-आठ मराठी घरं होती. महिन्यातून एका शनिवारी बायका क्लबहाउसमध्ये जमायच्या आणि एकेकीने आपला आवडता पदार्थ करून दाखवायचा. मला त्यांच्यात बसायचं होतं. इतकं बसायचं होतं, की त्या घरी येणार असल्या की मी बुद्धाची मूर्ती बेडरूममधल्या कपाटात ठेवायचे. नागपूरच्या मैत्रिणीचा फोन आला तर ‘जयभीम’ तोंडातल्या तोंडात म्हणायचे. आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळायचं नाही. कुणी विचारलं तर सांगितलं होतं, आमच्या घरी मांसमच्छी होत नाही. का सांगितलं? कुणी धमकावलं होतं का? नाही. पण पुढचा प्रश्न कुठला येईल याची भीती मला चोवीस तास असायची. साधं ‘मूळच्या कुठल्या हो तुम्ही?’ म्हटलं तरी मी चहा ठेवायला उठायचे.

त्यातल्या कुमुदकाकू मला फार आवडायच्या. मुलीच्या, शिल्पाच्या, बाळंतपणाला पुण्याहून आल्या होत्या. जन्मात अंड्याला हात लावलेला नाही, वर चातुर्मास चालू. पण मायाळू बाई. मला एकटीला बघून बाळंतिणीचे डिंकाचे लाडूसुद्धा बाजूला काढून ठेवायच्या.

एकदा मी सुचवलं, या वेळी व्हिएतनामी पदार्थ करूया, माझी शेजारीण दाखवेल. काकूंना तिच्या व्रताबद्दल सांगितलं तर त्या हरखल्याच — अगं, ही तर माझ्यासारखीच! मुद्दाम पौर्णिमेचा शनिवार धरला. सगळ्यांना आवडलं तर लानताईने दर महिन्याला यायचं, असंही ठरलं. या देशात येऊन तिला पाच वर्षं झाली होती, आणि तोवर कुणी तिला ‘आम्हाला शिकव’ म्हटलं नव्हतं. आठ दिवस ती माझ्यासमोर उभी राहून तालीम करत होती, ‘धिस इज राइस पेपर. यू वेट. यू रोल.’ मी मास्तरीण.

चटणी करायचं काम तिने माझ्यावर सोपवलं. विश्वासाने. बाकी कुणाला ते ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी मी ती केली, चाखली. फिकी लागली. रोजची मजा नव्हती. कपाट उघडलं, बाटली काढली आणि दोन चमचे घातले. कुणाला कळणार होतं? माझ्या हातची चटणी सगळ्यांनी वाखाणावी, एवढंच मनात होतं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. एवढंच होतं का? की ‘आमच्या घरी होत नाही’ म्हणून म्हणून मी आतून चिडले होते, आणि त्या सगळ्यांनी नकळत ती चाखावी असं कुठेतरी वाटत होतं? मला आजही नक्की सांगता येत नाही. जे असेल ते, चमचे मी घातले.

लानताई छान बोलली. दोनदा अडखळली, बायकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी तर तिसरा रोल उचलला होता, चटणीत बुडवून बुडवून खात होत्या. तेवढ्यात मालवणची मंगला हसत म्हणाली, “अगं, ह्यात मासळी आहे! माझ्या नाकाला फसवताय होय?”

काकूंचा हात तिथेच थांबला. मग त्या उठल्या आणि तोंडावर पदर धरून सिंककडे गेल्या. त्यांच्या ओकाऱ्यांचा आवाज येत होता. लानताईने अजून काही खाल्लं नव्हतं, ती सगळ्यांना वाढत होती. तिने चटणीत बोट बुडवून जिभेला लावलं — तिच्याही व्रताच्या दिवशी — आणि माझ्याकडे पाहिलं. तिला त्या क्षणी सगळं कळलं.

शिल्पा ओरडली, “कुणी केलं हे?”

माझी पाचावर धारण बसली. बाटली माझी, म्हणजे खोटं माझं. म्हणजे पुढचा प्रश्न, आणि त्याच्या पुढचा. मी बोट दाखवलं. हो, बोट — माझ्या मुलीला मी कुणाकडे बोट दाखवू देत नाही. म्हटलं, “लानने. त्यांच्या व्रतात हे चालत असेल, आपलं व्हेजिटेरियन म्हणजे काय ते तिला नीट कळलं नसेल.”

मराठी तिला कळलं नाही, पण बोट कळलं. खोलीभर सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. ती दोन पावलं पुढे आली, वाकली आणि म्हणाली, “सॉरी. माय मिस्टेक.”

मला वाचवायला म्हणाली. मी वाचले.

मागे कुणीतरी बोललं, “त्या लोकांचं काय, काहीही खातात. त्यांच्या हातचं घ्यायलाच नको होतं.” हे वाक्य मला नवीन होतं का? माझ्या आईने शाळेच्या स्नेहसंमेलनाला पाठवलेल्या पुऱ्या तशाच परत आल्या होत्या, तेव्हा मी दुसरीत होते. ‘त्यांच्या हातचं’ म्हणजे काय, हे त्या अख्ख्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आणि मी मान हलवली. ‘हो ना’ म्हटलं.

लानताईला पुन्हा बोलावलं गेलं नाही. तिने तो विषय कधी काढला नाही. सोमवारी मला नेहमीसारखी हाक मारली, धिरडं खायला. मी गेले, खाल्लं. पुढे दोन वर्षांनी आम्ही नॉर्थ कॅरोलिनाला आलो तेव्हा तिने माझी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. दिवसभर आम्ही दोघीच होतो. तेव्हाही मी बोलले नाही.

पण मला सांगायचं होतं ते हेही नाही. इथवरचं मी कदाचित केव्हातरी कुणाला सांगितलंही असतं. भित्रेपणा म्हणून खपलं असतं. याच्या पुढचं सांगता येत नव्हतं.

त्या शनिवारनंतर आठवड्याने कुमुदकाकूंनी मला बोलावलं. आठ दिवस एकभुक्त राहून त्यांनी मन शांत केलं होतं. माझ्या हातात नारळाच्या वड्यांचा डबा ठेवला आणि म्हणाल्या, “बिचारीला भाषा येत नाही, तिचा काय दोष? माझ्या मनात काही नाही म्हणावं. माफ केलं म्हणून सांग तिला.”

त्या खोलीत आम्ही दोघीच होतो. एवढ्या मऊ आवाजात मला त्याआधी कुणी संधी दिली नव्हती. मी म्हटलं, “सांगते.”

आणि सांगितलं. लानताईच्या दारात उभी राहून, डबा पुढे करून, “आंटी फर्गिव्ह्ज यू.” तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग दोन्ही हातांनी डबा घेतला, मान लववली आणि म्हणाली, “टेल आंटी, थँक यू.”

तोही निरोप मी पोचवला. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “तू होतीस म्हणून हो. फार चांगली आहेस गं तू.”

मी म्हटलं, “नाही हो काकू.” त्यांना तो माझा विनय वाटला, आणि मी तो तसाच वाटू दिला.