बिनचूक दिवाळी करायची होती!

अभ्यासिका चालवणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत. कपाटामागं धूळ साचते तसे ते साचतात, आणि दिवाळीच्या साफसफाईत सगळे एकदम बाहेर येतात!

लातुरात मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण शबाना मुलींची अभ्यासिका चालवतो. यंदा ‘नीट’ परीक्षा पुन्हा देणाऱ्या काही रिपीटर मुली दिवाळीलाही घरी गेल्या नाहीत. लोह्याची प्रज्ञा तर निकालापासून आईचा फोनसुद्धा उचलत नव्हती. यायची, कोपरा धरायची, निघून जायची. मी ठरवलं, या पोरींना अशी दिवाळी द्यायची की कुणाला बोट ठेवायला जागा नको!

* * *

सुरुवात आकाशकंदिलापासून. एक कोन चुकला म्हणून मी तो उसवला, पुन्हा केला, पुन्हा उसवला.

शबाना वैतागली. “अगं, कंदील करायलीस का पूल बांधायलीस?”

शेवटी जमला. वर टांगला. वाऱ्यानं तो असा गरगर फिरायला लागला की कोन कुणालाच दिसेनात!

* * *

मग रांगोळी. दोरी लावून, पट्टी धरून, दारात चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. “कुणी पाय द्यायचा नाही!” असा दमही भरला.

संध्याकाळी आत एकही मुलगी नाही. बघते तर सगळ्या अंगणात, चपला हातात घेऊन उभ्या!

“रांगोळी लई भारी हाय,” बाहेरून शबाना ओरडली. “आता आत काय उडत यायचं?”

पोरी खो-खो हसल्या. प्रज्ञा तेवढी मागच्या मागं रूमवर निघून गेली. रांगोळी मग मीच पायानं पुसली.

* * *

कार्यक्रमाचं टाइमटेबल भिंतीवर लावलं होतं. त्यात एक ओळ होती, ‘मनमोकळ्या गप्पा : पंधरा मिनिटं’.

एका मुलीनं हात वर केला. “ताई, मन मोकळं करायच्या आधी वॉशरूमला जाऊन येऊ का?”

* * *

शबानाच्या अम्मींनी डबाभर शंकरपाळे आणले. मी लगेच वाकडे बाजूला काढायला बसले.

अम्मींनी डबाच ओढून घेतला. “बेटा, पोरी फराळ खाणार हायेत, भूमितीचा पेपर देणार न्हाईत!”

त्या माउलीचे उपकार कसे फेडू? तिच्यामुळं पोरींना त्या दिवशी वेळेवर खायला तरी मिळालं.

* * *

चकली मात्र मीच करणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या स्वयंपाकघरात कढई चढवली. मोहन जास्त पडलं असावं. पहिली चकली तेलात सोडली आणि ती विरघळली. दुसरीही. तिसरीही. मी रडकुंडीला आले.

माझा आरडाओरडा ऐकून अभ्यासिकेच्या कोपऱ्यातली प्रज्ञा उठून दारात आली.

“ताई, काय करायलाव?”

“चकली.”

तिनं कढईत डोकावलं. “कुठाय?”

“होती.”

ती हसायला लागली. इतकी हसली की खालीच बसली. मग डोळे पुसत तिनं फोन काढला, लोह्याला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा सरळ कढईवर धरला.

“आई, बघ! एवढ्या शिकलेल्या ताईंची चकली बघ!”

प्रज्ञानं फोन स्वतःकडं वळवला.

पलीकडून आईचा आवाज आला, “चुरा झाला तर काय हुतंय, पोरी? चव कुठं जाती का? डब्यात भर, आन् ये घरी.”