कपाटातल्या कटोऱ्या

आमच्या प्रयोगाला कटोऱ्यांचा अडथळा होत होता, म्हणून त्या मी कपाटात ठेवायला लावल्या. हे मी कुठल्याही अहवालात लिहिलेलं नाही, म्हणून इथे आधी लिहून टाकतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. मी साताऱ्याचा, लखनौच्या एका संशोधन संस्थेत इलेक्ट्रॉनिक्सचं काम करत होतो. आलमबागेत भाड्याचं घर होतं. एक दिवस विद्यापीठात समाजकार्य शिकवणाऱ्या एक बाई संस्थेत आल्या आणि माझ्या टेबलासमोर उभं राहूनच म्हणाल्या, "आप लोग इतनी बड़ी-बड़ी मशीनें बनाते हैं, बूढ़ी औरतों के लिए एक घंटी नहीं बना सकते?" मला राग आला आणि मी हो म्हणालो. रागाच्या भरात हो म्हणायची माझी खोड जुनीच.

जुन्या लखनौतल्या चौक भागाजवळ निराधार म्हाताऱ्यांचं एक आश्रयगृह होतं. बाई तिथे जात, एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, आणि आता तिसरा मी. आम्ही तिघं आपापल्या विषयातले शहाणे. लांब व्हरांड्याला लागून खोल्या, आणि दुपारी सगळ्यांना मिळून एक आया. प्रत्येक म्हातारीच्या उशाशी एक पितळी कटोरी असे. काही लागलं की ती लोखंडी खाटेच्या दांडीवर कटोरी वाजवायची. आया नुसत्या आवाजावरून ओळखायची, कोण बोलावतंय आणि पाणी हवंय की श्वास लागलाय. मला तो सगळा गोंगाट वाटला.

मी प्रत्येक खाटेला बटण बसवलं. आयाच्या खोलीत एक फलक, त्यावर खाटेगणिक एक दिवा आणि हाका मोजणारा आकडा, शिवाय सगळ्यांना मिळून एक घंटी. बायका कधी आणि किती वेळा बोलावतात हे कळलं, तर डॉक्टर औषधांच्या वेळा ठरवणार होते आणि बाई आणखी माणसं मागणार होत्या. कल्पना चांगलीच होती, हे आजही म्हणतो.

पण बायका बटण सोडून कटोरीच वाजवत, त्यामुळे आकडे पुढे सरकेनात. मी म्हणालो, कटोऱ्या काढा, महिनाभर. डॉक्टरांनी मान डोलावली. बाई म्हणाल्या, राहू द्या ना, त्यांची सवय आहे. मी त्यांना मोजमाप म्हणजे काय असतं ते समजावलं, अगदी फळ्यावर लिहून. शिवाय आयाला सांगितलं की तिने फेऱ्या मारत फिरू नये, फलकासमोर बसून प्रत्येक हाकेची वेळ वहीत लिहावी. तिने विचारलं, "और साहब, बिजली जाएगी तब?" मी म्हणालो, बॅटरी दुसऱ्या टप्प्यात.

शेवटच्या खोलीत एकटीच एक म्हातारी होती, सगळे तिला बड़ी बी म्हणत. चिकनच्या भरतकामात डोळे गेलेले, खुब्याचं हाड मोडलेलं, वर दमा. रात्री खोकायची म्हणून तिला वेगळं ठेवलं होतं. मी तिचा अंगठा धरून बटणावर टेकवला. तिने दाबलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "बेटा, इसमें आवाज़ कहाँ है? कटोरी तो मुझे भी सुनाई देती है।" मी म्हणालो, आवाज तिकडे आयाकडे होतो, तुम्ही फक्त दाबत राहा. ती हसली आणि कटोरी स्वतःच्या हाताने मला दिली. या बटणालाही बिजली लागते, हे तिला आमच्यापैकी कुणीच सांगितलं नाही.

जूनमधली दुपार होती. लूचा गरम वारा चालला होता, सगळ्या खोल्यांची दारं लावलेली. जेवणानंतर लाइट गेली आणि दिवेलागणीला आली. आया फलकासमोर बसून होती, सांगितलं होतं तशी. तिच्या खोलीत पंखा नव्हता आणि भर दुपारी बल्ब कोण लावतं, त्यामुळे लाइट गेल्याचं तिला कळलंच नाही. दिवा लागला नाही, घंटी वाजली नाही, तिला वाटलं आज सगळ्या झोपल्यात. चहा द्यायला ती शेवटच्या खोलीत गेली तेव्हा बड़ी बी गेली होती. अंगठा बटणावर होता.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर प्रत्येक उशाशी कटोरी परत आलेली. आयाने कुणालाही न विचारता कपाट उघडलं होतं. ती रडत नव्हती, तेच मला झेपलं नाही. "साहब, मैं यहीं बैठी थी," ती म्हणाली. "कटोरी बजती तो मैं दौड़ के जाती।" अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे नुकसान मात्र माझ्या बैलाचं झालं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, दम्याचा झटका मोठा असणार, कदाचित वाचलीही नसती. त्या 'कदाचित'ला मी बुडत्यासारखा धरून बसलो. बाई एवढंच म्हणाल्या, "लिखिए कि उसने बुलाया था।" मी म्हणालो, त्याचा पुरावा नाही. त्या उठून गेल्या आणि पुन्हा आमच्या कामावर आल्या नाहीत.

पुरावा होता. बड़ी बीचं बटण मी आधीच घरी आणून उघडलं होतं. मुलगी शेजारी येऊन बसली, "बाबा, यह ख़राब हो गया क्या?" आतली पितळी पट्टी दबून पार सपाट झाली होती. तसल्या पट्ट्या किती दाब सोसतात हे मीच प्रयोगशाळेत दाबून दाबून पाहिलं होतं; दहावीस वेळा दाबून त्या वाकत नाहीत. ती दुपारभर दाबत होती, मी सांगितलं होतं म्हणून.

अहवालात त्या तारखेसमोर, शेवटच्या खोलीच्या रकान्यात, आकडा सकाळी होता तोच संध्याकाळी होता. हाका किती, या प्रश्नाखाली मी शून्य लिहिलं.