सुंदराबाईंची नववी मूठ

विठ्ठलवाडीच्या चाळीत सुंदराबाई वीस वर्षं जीन्सचे धागे कापताहेत. उल्हासनगरच्या कारखान्यात शिवलेल्या पँटींचे गठ्ठे दारात पडतात. त्या मांडी घालून बसतात आणि छोट्या कटरने शिलाईचे लोंबते धागे उडवतात. नगावर पैसे. नवरा गेल्यावर दोन्ही मुली याच कामावर उजवल्या.

माझी लेक अनुया डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. जानेवारीपासून आठवड्यातून दोनदा ती अंबरनाथहून त्यांच्याकडे जाऊन बसते. कटरवर चढवायची मूठ बनवते, त्यांना वापरायला देते, परत आणते, पुन्हा नवी बनवते. परत आलेल्या मुठींवर चिंध्या गुंडाळलेल्या असत. एकदा घर आवरताना मी त्या चिंध्या सोडवून फेकायलाच निघाले होते.

तिचे सर म्हणाले, "हे संशोधन कसं? आकडे कुठे आहेत?" माझी झोप उडाली. मी समाजशास्त्राची पदवीधर. माझ्या लेखी संशोधन म्हणजे प्रश्नावली. चाळीस प्रश्न छापून घेतले आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी मीच तिच्याबरोबर गेले.

"हात दुखतो का?"

"नाय."

"बोटांना मुंग्या येतात?"

"नाय ओ ताई. सगळं बेस हाय. शेठबी चांगला हाय." मग हळूच, "कागद शेठकडंच जानार ना?"

माझा पेन थांबला. एकोणीस उत्तरं लिहून झाली होती.

अनुयाने काही न विचारता नववी मूठ पुढे केली. सुंदराबाई कामाला लागल्या. अनुया माझ्या कानाशी म्हणाली, "आई, डावीकडे बघ." तिथे चिंध्यांची टोपली होती. पहिल्या मुठीला त्यांनी सगळीकडून चिंधी गुंडाळली होती, आठवीला फक्त अंगठ्याखाली. हात दुखत नाही म्हणणारी बाई आठ वेळा दुखरी जागा दाखवत आली होती आणि माझी पोरगी ती टिपून घेत होती. आज तीस पँटी झाल्या तरी त्यांचा हात टोपलीकडे गेला नाही.

निघताना अनुयाने मूठ मागितली.

"आता कशाला? संध्याकाळपर्यंत दीडशे नग द्यायचेत."

"सुंदराबाई, उद्या तिची परीक्षा आहे," मी म्हणाले. "एकच दिवस द्या. तिच्या वर्षाचा प्रश्न आहे."

"मंग मी काय दातानं तोडू धागे? पोरीला कळतंय, तुमालाच कळंना."

"राहू दे, आई," अनुया म्हणाली.

परीक्षेत तिने आठ मुठी चिंध्यांसकट ओळीने मांडल्या. नवव्या जागी काहीच नव्हतं.

"शेवटचा नमुना?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

"कामावर आहे, सर. बाई परत देत नाहीत."

त्यांनी पाचवी मूठ उचलली, चिंधीवर अंगठा दाबून बराच वेळ धरून ठेवली. मग म्हणाले, "त्या बाईंकडे जाता येईल?" शनिवारी ते येणार आहेत. गुण त्यानंतर.

अनुयाने सुंदराबाईंना फोन केला तेव्हा मी शेजारीच होते.

"येऊ दे की तुझ्या सरांना," त्या म्हणाल्या. "पन तुझ्यावानी मुकाट बसायचं म्हनावं. आन मूठ मागायची नाय."