देशी लेबलं

वारज्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ सरकारी कार्यालयांना कॅमेरे पुरवतात. बोलणं मऊ, वॉचमनलासुद्धा 'आपण' म्हणतात. दिवाळीत सोसायटीला चिनी माळा नकोत, म्हणून तेच हटून बसले होते.

परवा त्यांचं चुकून आमच्याकडे आलेलं पार्सल द्यायला गेलो. हॉलमध्ये बसून ते हेअर ड्रायरने कॅमेऱ्यांवरची परदेशी लेबलं सोडवत होते आणि 'भारतात निर्मित' अशी चिकटवत होते. मला पाहूनही त्यांचा हात थांबला नाही.

"अहो, हे सरकारी कामाचे ना?"

"हो. टेंडरमध्ये देशीच मागितलेत."

"आणि तिकडे बसून कोणी आपलं सगळं बघत असेल तर?"

"असेल की," ते शांतपणे म्हणाले. "म्हणून तर स्वतःच्या घरात एकही लावलेला नाही."

मी पार्सल टेबलावर ठेवलं. त्यांनी चहा विचारला.