अंबर आणि काळ्या मण्यांची माळ

इलिनॉयमधल्या नेपरव्हिलच्या मराठी घरांत रत्नाकाकूंची ओळख "डॉक्टरांची बायको" अशीच होती. डॉक्टर म्हणजे गुरुनाथ. हृदयरोगतज्ज्ञ, आता निवृत्त. माहेरचा विषय निघाला की काकूंच्या आधी तेच उत्तर देत, "आमचे सासरे रहिमतपूरचे सराफ." काकू मग कुणाच्या पानात काय कमी आहे ते पाहू लागत. चाळीस वर्षांत त्यांनी ते वाक्य एकदाही दुरुस्त केलं नव्हतं.

वस्तुस्थिती अशी होती, की काकूंचे वडील महादेव पटवेकरी सराफाच्या पेढीवर बसत ते पायरीवर. सोनार घडवतो, सराफ विकतो, आणि तो दागिना रेशमात गाठवून गळ्यात घालण्याजोगा करतो तो पटवेकरी. महादेव पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून मांडीवर असा पीळ देत, की धाग्यात गोम सापडू नये. बायकांच्या पोती, लेकरांचे करगोटे, दृष्टीचे काळे दोरे, ताईत. गावातल्या निम्म्या भीतींना त्यांच्या गाठींचा आधार होता. रत्ना आठव्या वर्षी करगोटा गाठवू लागली. पुढे ती पदवीधर झाली, लग्न होऊन इलिनॉयला आली, इथल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं रक्ताचे नमुने तपासत राहिली. बोटं मात्र रहिमतपूरचीच राहिली.

त्या बोटांनीच शेजारच्या मॉरीनशी मैत्री जुळवली. मॉरीन ही निवृत्त परिचारिका. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी युरोपात जी निसर्गपूजा चालत असे, ती नव्याने आपली मानणाऱ्या पेगन लोकांचं एक मंडळ ती चालवी. तिच्या दारावर लाल दोऱ्याने बांधलेली दोन काटक्यांची फुली असे आणि खिडकीत आपोआप भोक पडलेला नदीतला दगड टांगलेला. वाईट ते घराबाहेर राहावं, एवढाच त्यांचा हेतू. काकू पहिल्यांदा चहाला गेल्या तेव्हा दगडाकडे बघून म्हणाल्या, "मॉरीन, राग मानू नकोस. दगड चांगला आहे, पण गाठ कच्ची आहे. एखाद्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यात पडेल."

मॉरीन इतकी हसली, की चहा सांडला. दगडाला त्याच दिवशी नवी गाठ बसली.

यंदा डिसेंबरच्या मध्यावर मॉरीन एक डबी घेऊन आली. आत सुटे मणी होते. पिवळे अंबरचे, म्हणजे युगानुयुगं गोठलेली झाडाची राळ. आणि काळे जेटचे, तेही मुळात लाकूडच, दगड झालेलं. ही त्यांच्या मंडळाची माळ. प्रमुख असेल तिने ती पूजेला घालायची. मॉरीनच्या गुरूकडून ती तिच्याकडे आली होती, आणि आता धागा कुजून तुटली होती.

"दुकानात तारेत ओवून देतील. आमच्यात धागाच लागतो, आणि तोही हाताने गाठवलेला. एकवीस तारखेला वर्षातला सर्वांत छोटा दिवस. तोवर होईल?"

"ठेव इथे," काकू म्हणाल्या.

दुपारी बैठकीच्या खोलीत चटई टाकून त्या खाली बसल्या. गुडघ्यांनी तक्रार केली, तिच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. उजव्या पायाच्या अंगठ्याला लाल रेशीम अडकवलं तेवढ्यात गुरुनाथ फेरफटका मारून परतले.

"हे काय मांडलंयस?"

"माळ गाठवतेय. मॉरीनची."

"त्या चेटकाच्या वस्तू? रत्ना, कुणी पाहिलं तर काय म्हणेल?"

"तुमच्या आईंनी तुमच्या दंडाला ताईत बांधूनच विमानात बसवलं होतं ना?"

"ते वेगळं."

"हो, वेगळंच. त्याची गाठ कच्ची होती. डेट्रॉइटला उतरेपर्यंत सुटली, असं तुम्हीच सांगता."

गुरुनाथ वर्तमानपत्रामागे गेले. तिथून थोड्या वेळाने आवाज आला, "माळ दे हवी तर. पण तू शिकलीस कुठे, ते गावभर सांगत बसू नकोस."

काकूंनी पुढचा मणी ओवला. दोन मण्यांमध्ये एक गाठ, म्हणजे एक तुटला तरी बाकीचे जागेवर राहतात. तीन दिवसांत माळ उभी राहिली, आणि ती उभी राहिलेली पाहून काकूंना वडिलांपुढे ठेवावीशी वाटली. महादेव पटवेकऱ्यांनी ती दिव्यापाशी धरली असती, उलटीसुलटी केली असती आणि शेवटी काहीच खोट न काढता परत दिली असती.

मॉरीनने माळ हातात घेतली, नाकाशी नेली, आणि तिचा चेहरा बदलला.

"रत्ना, तू हे धुतलंस?"

"रिठ्याच्या पाण्यात. दागिना धुतल्याशिवाय आम्ही गाठवत नाही."

"तीस वर्षांचा धूर आणि तेल होतं त्यात. माझ्या गुरूच्या हातचं."

पटवेकऱ्यांकडे घामाचा, वापराचा अंश धुऊन काढणं म्हणजे वस्तूचा मान; इथे तोच अंश म्हणजे वस्तूचा प्राण. विचारायला हवं होतं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या लोकांना तू नको सांगूस. मी येऊन सांगते."

एकवीस तारखेला बर्फ होता. काकू बर्फात गाडी चालवत नसत, म्हणून गुरुनाथांना यावं लागलं. राखीव जंगलातल्या एका शेडखाली दहा-बारा माणसं शेकोटीभोवती उभी होती. गुरुनाथ गाडीपाशीच थांबले.

"अय्या, काकू! तुम्ही इथे?"

टोपीखालून शिवांगीचा चेहरा निघाला. नागपूरची, सॉफ्टवेअरमधली, महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची सगळी यादी हिच्याच हातात असते. ती मॉरीनच्या मंडळातही जाते, याची काकूंना कल्पना नव्हती. इथे जे बोललं जाईल ते मकरसंक्रांतीच्या आत प्रत्येक मराठी घरात पोचणार, हे काकूंना कळलं. गाडीपाशी उभ्या गुरुनाथांनाही कळलं असावं. ते चार पावलं पुढे आले.

काकूंनी आधी चूक सांगितली, काही न लपवता. मग मॉरीनने शेकोटीत जुनिपर या सुवासिक झुडपाची फांदी टाकली आणि माळ धुरावर धरली. "धूर पुन्हा साठेल," ती म्हणाली. "गाठी पाहा. अशा मला दुसरीकडे मिळाल्या नसत्या." माळ हातोहात फिरली. एका वृद्ध सुताराने दोन मण्यांमधल्या गाठीवर नख फिरवून पाहिलं आणि पसंतीने मान डोलावली.

"आमच्यात वस्तू करणारा आपलं नाव सांगतो," मॉरीन म्हणाली, "आणि ज्याच्याकडून शिकला त्याचंही."

डॉक्टरांचं नाव ओठावर आलं होतं, सवयच ती. पण ते इथे खोटं ठरलं असतं. ही माळ गाठवायला डॉक्टरांनी शिकवलं नव्हतं.

"रत्ना," त्या स्पष्ट म्हणाल्या. "महादेव पटवेकऱ्यांची मुलगी. ते रहिमतपूरला सराफाच्या पायरीवर बसत आणि गावाचे दागिने गाठवत. मी त्यांच्याकडून शिकले."

मंडळींनी दोन्ही नावं मोठ्याने उच्चारली. वडिलांचं नाव अनोळखी जिभांवर अडखळत, तरीही पूर्ण, अकरा तोंडांतून निघालं. काकूंची मान ताठ झाली.

परतताना शिवांगी गाडीपर्यंत आली. "पण काका, तुम्ही तर नेहमी सराफ म्हणता ना?"

गुरुनाथांनी हातमोजा काढला, पुन्हा घातला. काकू मदतीला आल्या नाहीत.

"पटवेकरी," शेवटी ते म्हणाले. "आपल्या हातून गेल्याशिवाय सराफाचं सोनं ते कुणाच्या गळ्यात जाऊ देत नसत. मीच इतकी वर्षं चुकीचं सांगत होतो."

"भारी आहे यार!" शिवांगी म्हणाली. "काकू, संक्रांतीला महाराष्ट्र मंडळात शिकवाल? मी यादीत नाव टाकते. काय लिहू?"

"आत्ता सांगितलं ना, तेच लिही," काकू म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. "पूर्ण लिही."